कण्याचा पंचनामा

वर्ष-दोन वर्षे कंबरदुखीने बेजार झालेला मनुष्य जेव्हा अखेरीस एमआरआय तपासणीचा अहवाल हाती घेतो, तेव्हा त्या दोन पानी कागदाला तो न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतके वजन देत असतो. चकत्यांची झीज, चकतीचा फुगवटा, तंतुवलयाला चीर, चेतामुळाशी सलगी अशी कलमे त्यात एकाखाली एक मांडलेली असतात. ती वाचताना त्याच्या पाचावर धारण बसते, आणि आपल्या मणक्यात गॅप पडला, आता वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, जमिनीवर मांडी घालून बसायचे नाही, असे निर्बंध तो आपणच आपल्यावर जारी करतो. वास्तविक हा अहवाल निवाडा नव्हे. तो पंचनामा आहे. घटनास्थळी काय काय आढळले, कोणती वस्तू कोठे व कोणत्या अवस्थेत होती, एवढाच तपशील पंचनाम्यात नमूद असतो; त्यांपैकी कशाचा मूळ प्रकरणाशी संबंध आहे आणि कशाचा नाही, हे फिर्यादीची जबानी ऐकल्यावाचून व साक्षीपुरावा तपासल्यावाचून कोणी ठरवीत नाही. कंबरदुखीच्या बाबतीत नेमकी हीच पायरी अनेकदा गाळली जाते, आणि चालण्याफिरण्याने व व्यायामाने सुधारू शकली असती अशी पुष्कळ माणसे कागदाची हाय खाऊन अंथरूण धरतात. म्हणूनच हा दस्तऐवज कसा तयार होतो, त्यातील कलमांचा अर्थ काय आणि त्यावर कितपत विसंबावे, याचा सविस्तर विचार अगत्याचा आहे.

प्रथम चित्र कसे उमटते ते पाहू. १८९५ साली रोंटगेनला गवसलेले क्ष-किरण हाडाची सावली उत्तम दाखवितात. परंतु चकती, चेतातंतू, स्नायू आणि बंध यांतून ते जवळजवळ सारखेच आरपार जात असल्यामुळे साध्या क्ष-किरण चित्रात दोन मणक्यांमधील जागा दिसते, त्या जागेत काय आहे हे दिसत नाही. एमआरआय यंत्राचा मार्ग निराळा आहे. आपल्या शरीरातील पाण्यात व चरबीत हायड्रोजन विपुल असतो, आणि त्याच्या अणुगर्भातील एकुलता एक प्रोटॉन अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो. पुष्कळशा रुग्णालयांतील यंत्रांत दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट प्रबळ, असे क्षेत्र असते. त्यात निजलेल्या माणसाच्या शरीरातील प्रोटॉन त्या क्षेत्राच्या दिशेभोवती सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लक्ष फेऱ्या या ठरावीक गतीने घुमू लागतात. नेमक्या त्याच कंप्रतेच्या रेडिओलहरी बाहेरून सोडल्या म्हणजे हे प्रोटॉन ऊर्जा ग्रहण करून विचलित होतात, आणि लहरी थांबताच पूर्वस्थितीवर येता येता एक क्षीण संकेत परत धाडतात. अनुनादाचा हा धर्म १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केला. त्यापासून प्रतिमा घडविण्याची युक्ती १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी प्रसिद्ध केली, पीटर मॅन्सफील्ड यांनी तिला गणिताची बैठक व वेग दिला, आणि २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. दरम्यान १९७७ साली रेमंड डमेडियन यांनी जिवंत माणसाच्या धडाचा छेद अशा यंत्राने टिपून दाखविला होता.

पूर्वस्थितीवर येण्यास लागणारा अवधी पाण्यात एक, चरबीत दुसरा, हाडाच्या कठीण कवचात तिसरा असल्यामुळे चित्रात काळ्या-पांढऱ्याच्या छटा उमटतात. टी-१ नावाच्या चित्रमालिकेत चरबी शुभ्र आणि पाणी काळे दिसते, तर टी-२ मालिकेत पाणी शुभ्र दिसते. अहवालातील बहुतेक सारी विधाने या दोन मालिकांच्या तुलनेतून निघालेली असतात. यावरून एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी, ती ही, की हे यंत्र पाणी आणि चरबी यांची शरीरातील वाटणी दाखविते. वेदना ही वस्तू त्याच्या कोणत्याही मालिकेत उमटत नाही. शिवाय हे चित्र निश्चल, उताण्या निजलेल्या देहाचे असते, आणि माणसाची कंबर दुखते ती बहुधा बसताना, उठताना, वाकताना, भार पेलताना.

आता स्थळाची ओळख करून घेऊ. बरगड्यांच्या खाली पाच कटिमणके एकावर एक रचलेले असतात. त्यांना वरून खाली एल-१ ते एल-५ अशी नावे आहेत, आणि त्यांच्या तळाशी त्रिकास्थीचा पहिला खंड, एस-१, असतो. मणक्यांच्या दर जोडीमध्ये एक चकती असते, जिला लोक गादी म्हणतात. तिच्या मध्यभागी मऊ, चिकट गाभा असून तारुण्यात त्याच्या वजनाचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याचा असतो; गाभ्याभोवती चिवट तंतूंचे थरावर थर गुंडाळलेले असतात, तेच तंतुवलय; आणि वर-खाली मणक्याला भिडणारी कूर्चेची पातळ पट्टिका असते. प्रौढ वयात चकतीच्या अंतर्भागात रक्तवाहिनी नसते. मणक्याच्या हाडातले पोषण कूर्चापट्टिकेतून झिरपून जेवढे पोहोचेल तेवढ्यावरच तिला भागवावे लागते. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील डॉ. एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका सुंदर संशोधनात, शिरेवाटे दिलेले द्रव्य चकतीत कसे शिरते हे चोवीस तासांपर्यंत पुनःपुन्हा एमआरआय काढून पाहिले. मणक्याच्या हाडात जे द्रव्य काही मिनिटांत भरते, ते गाभ्यापर्यंत झिरपावयास तासन् तास लागतात, आणि पट्टिकेला इजा झाली असल्यास झिरपण्याची सारी रीतच पालटते, असे त्यांना आढळले. ज्या अवयवाचा अन्नपुरवठा इतका मंद, त्याचे वार्धक्य इतरांच्या आधी सुरू व्हावे हे ओघानेच आले. चकत्यांतील पहिले बदल कित्येकांच्या बाबतीत विशीच्या आत आरंभलेले असतात.

चेतासंस्थेची मांडणीही येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. मेंदूपासून उतरणारा मज्जारज्जू साधारणपणे एल-१ व एल-२ यांच्या पातळीवर संपतो. त्याखाली द्रवाने भरलेल्या आवरणात चेतामुळांचा एक झुबका लोंबत असतो, ज्याला शरीररचनाशास्त्रात अश्वपुच्छ अशी संज्ञा आहे. या झुबक्यातून एकेक मूळ दोन्ही बाजूंच्या छिद्रांवाटे बाहेर पडते आणि पायाच्या ठरावीक पट्ट्याला संवेदना व ठरावीक स्नायूंना बळ पुरविते. हा ठरावीकपणाच पुढे निदानाचा मुख्य आधार होतो.

नमुन्यादाखल पंचेचाळिशीतल्या एका काल्पनिक कारकुनाचा अहवाल घेऊ. सकाळी अंथरुणातून उठताना त्याची कंबर धरते, तासभर खुर्चीत बसले की ठणका लागतो, चालले की थोडे मोकळे वाटते. पायात मात्र कळ उतरत नाही. त्याचे टी-२ मालिकेतील मधल्या छेदाचे चित्र उजेडावर धरले, तर करड्या चौकोनांची एक रांग दिसेल, तिच्यामागून उतरणारा द्रवाचा शुभ्र पट्टा दिसेल, आणि चौकोनांमधल्या वरच्या तीन चकत्या मध्यभागी उजळ असताना खालच्या दोन, म्हणजे एल-४–५ आणि एल-५–एस-१ या, काळवंडलेल्या व किंचित बसक्या दिसतील. त्यांपैकी शेवटच्या चकतीचा मागचा काठ शुभ्र पट्ट्यात अगदी थोडा घुसलेला असेल.

अहवालाचे पहिले वाक्य बहुधा असे असते, की कटिभागाची नैसर्गिक कमान सरळ झाली आहे. हे वाक्य वाचून घाबरण्याचे कारण नाही. स्नायू आखडले असता, किंवा तपासणीच्या वेळी गुडघ्यांखाली उशी दिली असताही ही कमान कमी होते. दुसरे कलम खालच्या दोन चकत्यांतील पाणी आटल्याचे असते. काळवंडणे ते हेच. तिसऱ्यात एल-४–५ चकतीचा सर्वदूर फुगवटा व त्याचा मज्जावरणाला, म्हणजे चेतामुळांभोवतीच्या आवरणाला, होणारा स्पर्श यांची नोंद असते. चौथ्या कलमात एल-५–एस-१ चकतीचा एका जागी आलेला उंचवटा आणि तेथील तंतुवलयाची चीर येते. या ठिकाणी परिभाषा नीट समजून घ्यावी. चकतीचा काठ घेराच्या चतुर्थांशाहून अधिक भागात सरसकट बाहेर आला तर तो फुगवटा; थोड्याच भागात बाहेर आला, पण त्याचा पाया रुंद राहिला, तर तो उंचवटा; बाहेर पडलेला अंश पायापेक्षा रुंद होऊन लोंबू लागला तर ते बहिःसरण; आणि मूळ चकतीशी त्याचा संबंधच तुटला तर तो विलग तुकडा. बोलण्यात या चारही अवस्थांना गादी सरकली असे एकच नाव मिळते, आणि सौम्य फुगवटा असलेला माणूस तुटलेल्या तुकड्याइतकी धास्ती घेतो.

पुढची कलमे हाडांची व सांध्यांची असतात. चकतीला लागून असलेल्या मणक्याच्या मज्जेतील बदलांचे मायकेल मोडिक यांनी १९८८ साली तीन प्रकार सांगितले: पहिल्यात सूज, म्हणजे पाणी वाढलेले, दुसऱ्यात मज्जेची जागा चरबीने घेतलेली, तिसऱ्यात हाड घट्ट झालेले. यांपैकी पहिल्याचा वेदनेशी संबंध इतर दोहोंपेक्षा अधिक दिसतो. आपल्या कारकुनाच्या अहवालात दुसरा प्रकार नोंदलेला आहे असे समजू. त्यानंतर मणक्यांमागील लहान सांध्यांची झीज आणि तेथील पिवळ्या बंधाची जाडी वाढल्याचा उल्लेख येतो. शेवटी एखाद्या मणक्यात रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ असल्याची नोंद असते. तिला ट्यूमर समजून रात्र रात्र तळमळणारी माणसे आहेत, पण ती बहुधा आयुष्यभर कोणाला काही न करता तशीच राहते.

आता प्रश्न असा, की इतकी सारी कलमे हाती असता कंबरेचे दुखणे यांपैकी कोणाच्या खाती मांडावे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा माणसांच्या तपासणीतून मिळते. १९९० साली बोडेन आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखी वा सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी कळ, कधीही न झालेल्या ६७ लोकांचे एमआरआय काढले. साठीच्या आतील मंडळींपैकी २० टक्के लोकांत चकती बाहेर आलेली सापडली, आणि साठीपुढच्यांपैकी ५७ टक्के लोकांची चित्रे सदोष निघाली. १९९४ साली जेन्सन आणि सहकाऱ्यांनी अशाच ९८ वेदनामुक्त माणसांची तपासणी केली, तेव्हा ५२ टक्क्यांत निदान एका चकतीचा फुगवटा आणि २७ टक्क्यांत उंचवटा आढळला. सर्व चकत्या निर्दोष असलेली माणसे अवघी ३६ टक्के भरली. २०१५ साली ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी ३३ अभ्यासांतील, काहीही न दुखणाऱ्या ३,११० व्यक्तींचा एकत्र ताळेबंद मांडला. त्यानुसार चकतीची झीज विशीत ३७ टक्के लोकांत असते आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांत; आपल्या कारकुनाच्या वयाजवळ, म्हणजे चाळिशीत, झीज ६८ टक्के, फुगवटा ५० टक्के आणि उंचवटा ३३ टक्के निरोगी माणसांत सापडतो. याचा अर्थ, त्याच्या अहवालात जे जे लिहिले आहे त्यातले पुष्कळसे त्याच्या शेजारच्या मेजावर बसून बिनतक्रार काम करणाऱ्या सहकाऱ्याच्या कण्यातही असण्याचा संभव मोठा आहे. केसांचे पिकणे जसे वयाचे चिन्ह आहे, तशीच ही चिन्हे प्रायः वयाची आहेत.

यावरून चित्रातले सारेच निरर्थक, असे म्हणणेही सत्याला सोडून होईल. याच संशोधकांनी पन्नाशीच्या आतील दुखणाऱ्या व न दुखणाऱ्या माणसांची तुलना केली, तेव्हा चकतीची झीज, फुगवटा, बहिःसरण आणि मोडिकचा पहिला प्रकार हे दुखणाऱ्यांत अधिक आढळले. म्हणजे समूहात संबंध आहे; परंतु समोर बसलेल्या एका माणसाच्या वेदनेचे मूळ त्या एका काळ्या चकतीतच आहे, असे केवळ चित्रावरून शपथेवर सांगता येत नाही. झीज झाली ती आपल्याच कोणत्या तरी चुकीने, हा अपराधभावही बहुधा निराधार असतो. फिनलंडमधील ११५ एकबीज जुळ्या पुरुषांच्या जोड्यांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका भावाने आयुष्यभर जड कामे केली आणि दुसऱ्याने बैठी, तरी त्यांच्या कण्यांतील फरक अपेक्षेहून फार थोडा निघाला, आणि आनुवंशिकतेचा वाटा कष्टाच्या वाट्याहून पुष्कळ मोठा ठरला.

मग चित्राला खरे मोल केव्हा येते? जेव्हा रुग्णाची जबानी, वैद्याने हातांनी केलेली तपासणी आणि चित्र ही तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवितात, तेव्हा. चकती बाहेर येऊन चेतामूळ दाबले गेल्याचे बहुसंख्य प्रसंग एल-४–५ आणि एल-५–एस-१ या दोन पातळ्यांवरच घडतात. पहिल्या पातळीवर बहुधा एल-५ मूळ सापडते: कळ मांडीच्या व पोटरीच्या बाहेरील बाजूने पावलाच्या पाठीवर उतरते आणि पायाचा अंगठा वर उचलण्याची शक्ती कमी होते. दुसऱ्या पातळीवर एस-१ सापडते: कळ पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरील कडेला जाते, चवड्यांवर उभे राहणे जड जाते, आणि टाचेमागच्या कंडरेवर हातोडी मारली असता पाऊल हलत नाही. निजलेल्या रुग्णाचा पाय गुडघ्यात न वाकविता हळूहळू वर उचलला व तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान ती ओळखीची कळ पायात उतरली, तर चेतामूळ डिवचले गेल्याचा पुरावा बळकट होतो. आपल्या कारकुनाच्या पायात कळच नाही. म्हणून त्याच्या अहवालातील 'मज्जावरणाला स्पर्श' हे कलम तूर्त दफ्तरदाखल करण्याच्या योग्यतेचे आहे. याउलट साठी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाचे पाय बाजारातून चालताना भरून येत असतील, थोडे थांबून पुढे वाकले वा बसले की मोकळे होत असतील आणि चित्रात मज्जानलिका आवळलेली असेल, तर तेथे चित्र आणि तक्रार यांचा मेळ पुरता बसतो.

सायटिका आणि बाहेर पडलेली चकती यांचा संबंध निर्विवादपणे प्रस्थापित केला तो बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या शल्यवैद्यांनी, १९३४ साली. त्या काळापासून कंबरेच्या प्रत्येक दुखण्यात चकतीकडे संशयित म्हणून पाहण्याची रीत पडली आणि शस्त्रक्रियेला मोठे क्षेत्र मिळाले. पण पुढे एमआरआयनेच एक दिलासा देणारी गोष्ट उघड केली, ती अशी, की बाहेर पडलेला अंश शरीर स्वतःच कालांतराने शोषून टाकते, आणि तो जितका अधिक बाहेर, तितके शोषण अधिक संभवनीय. २०१५ सालच्या एका समालोचनात विलग तुकड्यांपैकी ९६ टक्के, बहिःसरणांपैकी ७० टक्के, उंचवट्यांपैकी ४१ टक्के आणि फुगवट्यांपैकी १३ टक्के आपोआप आकसल्याचे दिसले. अहवालात जो शब्द सर्वांत भयंकर वाटतो, त्याचीच नाहीशी होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

काही प्रसंगी मात्र विलंब हा अपराध ठरतो, आणि ते प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजेत. लघवी तुंबणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, गुदद्वार व जननेंद्रिय यांच्याभोवतीची जागा बधिर होणे, दोन्ही पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे, ही अश्वपुच्छावर दाब आल्याची लक्षणे होत. येथे एमआरआय त्याच दिवशी व्हावा आणि शस्त्रक्रियेचा निर्णय तासांच्या हिशेबाने घ्यावा. कंबरदुखीच्या जोडीला ताप, वजन घटणे, रात्री निजल्यावरही न थांबणारा ठणका, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे किंवा मोठा अपघात असा इतिहास असेल, तर तेव्हाही चित्र त्वरित काढावे. आपल्या देशात मणक्याचा क्षय हा या यादीत अग्रभागी आहे. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली वर्णिलेल्या या विकारात शेजारशेजारचे दोन मणके व त्यांमधील चकती पोखरली जाते आणि बाजूच्या स्नायूत पू साठतो. साध्या क्ष-किरण चित्रात हाडाचा बराच अंश नष्ट होईपर्यंत जे कळत नाही, ते मज्जेतील सुजेवरून एमआरआय कितीतरी आधी सांगतो, आणि वेळीच सुरू केलेल्या औषधांनी रोगी बहुधा पूर्ण बरा होतो. ज्या यंत्राच्या योगे पांगळेपणा टळतो त्याची निंदा करणे कृतघ्नपणाचे होईल.

ही लक्षणे नसलेल्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे चित्र काढू नये, असे अनेक देशांतील वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात; आणि त्यामागे केवळ खर्चाचा विचार नाही. वाचनातही मतभिन्नता असते. अमेरिकेत ६३ वर्षांच्या एका स्त्रीचे तीन आठवड्यांत दहा निरनिराळ्या केंद्रांत एमआरआय काढण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहा अहवालांत मिळून ४९ निरनिराळी निरीक्षणे निघाली, आणि दहाही अहवालांना समान असे त्यांत एकही नव्हते. त्याहून गंभीर परिणाम शब्दांचा होतो. डॉ. राजशेखरन यांच्याच चमूने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ४४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला अहवालातील दोष जसेच्या तसे समजावून दिले, दुसऱ्याला चित्रातील बदल वयोमानानुसार स्वाभाविक आहेत असा दिलासा दिला. सहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाचे आपल्या कण्याविषयीचे मत अधिक खालावलेले होते, वेदनेची सुधारणा कमी होती आणि हालचालही मागे पडलेली होती. कण्यांत फरक नव्हता, सांगण्यात होता.

तेव्हा क्ष-किरणतज्ज्ञांना विनंती अशी, की अहवालाच्या शेवटी त्या वयाच्या निरोगी माणसांत ही चिन्हे किती प्रमाणात आढळतात याची एक ओळ त्यांनी आवर्जून लिहावी. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अशी, की रुग्णाचे कपडे उतरवून, पाय उचलून, अंगठ्याची शक्ती पाहून झाल्याशिवाय त्यांनी लिफाफा उघडू नये. रुग्णाने तीन प्रश्न विचारावेत: यातले कोणते कलम माझ्या तक्रारीशी जुळते, यात तातडीचे काही आहे काय, आणि या चित्रामुळे माझा उपचार बदलणार आहे काय? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर आपल्या कारकुनासारख्या माणसाने फाइल कपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी फिरावयास निघावे, तासातासाने खुर्चीवरून उठावे, पाठीच्या व पोटाच्या स्नायूंचे व्यायाम जाणकाराकडून शिकून नेमाने करावेत, आणि वाकण्याची, उचलण्याची, मांडी घालून बसण्याची सवय हळूहळू पूर्ववत आणावी. कारण थोडेफार दुखत असतानाही केलेली ही हालचाल त्याच्या कण्याला इजा करीत नाही, हे त्याला कोणीतरी अधिकारवाणीने आणि निःसंदिग्ध शब्दांत सांगणे हाच त्याच्या उपचाराचा पहिला भाग आहे.